महाविद्यालयाचे दुसरे दार

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. कोयनानगरला पावसाने नुकतेच बस्तान मांडले होते. इथला पाऊस पाहुण्यासारखा येत नाही; तो घरजावयासारखा येतो आणि चार महिने हलत नाही. दुपारची वेळ होती, वीज गेलेली होती आणि मी खिडकीशी बसून पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकाशी झुंजत होते. इतक्यात फोन वाजला. पलीकडून एक मुलगा बोलत होता.

"मॅडम, तुमच्या कॉलेजात बी. ए.ला प्रवेश घ्यायचाय. फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?"

त्या आठवड्यात हाच प्रश्न मला वीसएक जणांनी विचारला होता. मी जराशा त्राग्यानेच म्हणाले, "अरे, वेबसाइटवर सगळे दिले आहे. वाचायचे कष्ट तरी घ्यावेत!"

"वाचलं, मॅडम. तीनदा वाचलं. तिथं नुसतं 'चित्र, चित्र' असं ऐकू येतंय."

"ऐकू येतंय म्हणजे?"

"मला दिसत नाही, मॅडम."

मी वेळापत्रक बाजूला ठेवले. शेवटची तारीख उलटून दोन दिवस झाले होते.

त्या मुलासाठी मी प्राचार्यांकडे गेले, कार्यालयात बसले, अर्ज लिहिला. पण जागा भरून गेल्या होत्या आणि यादी लागली होती. दुसरे महाविद्यालय होते, पण तिथे जावयाचे तर दोन वेळा एस. टी. बदलावी लागे. भर पावसाळ्यात रोज एकट्याने तो प्रवास करणे त्याला जमण्यासारखे नव्हते. मुलाचे एक वर्ष गेले. बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा एका तारखेपायी घरी बसला. त्याची आई मला भेटावयास आली तेव्हा म्हणाली, "बाई, त्याला कुणी नाही म्हटलं असतं तर समजलं असतं. हितं कुणी काही म्हटलंच न्हाई."

हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही.

उताराचे छायाचित्र

आमचे महाविद्यालय तसे उदार मनाचे आहे. काही वर्षांपूर्वी मुख्य दाराच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी सिमेंटचा छान उतार बांधला गेला. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, छायाचित्र निघाले. ते छायाचित्र वेबसाइटच्या पहिल्या पानावर अजूनही होते. आणि त्या पानावर तो मुलगा आला तेव्हा त्याच्या फोनने त्याला त्या उताराविषयी एकच शब्द सांगितला होता : "चित्र".

आमच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की महाविद्यालयाला आता दोन दारे आहेत. एक दगडविटांचे. दुसरे फोनमधले. विद्यार्थी पहिल्या दाराशी येतो तो दुसऱ्या दारातून आत आल्यावरच. प्रवेशाचा अर्ज, शुल्काचा तक्ता, परीक्षेची तारीख, निकाल, शिष्यवृत्तीची सूचना हे सारे त्या दुसऱ्या दारातून दिले जाते. आम्ही पहिल्या दाराशी उतार बांधला आणि दुसऱ्या दाराला कडी लावून ठेवली.

आता, वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना पडेल तोच प्रश्न मलाही पडला होता. ज्याला दिसत नाही तो फोन किंवा संगणक वापरतो तरी कसा?

बोलणारा पडदा

त्याचे उत्तर 'स्क्रीन रीडर' नावाच्या आज्ञावलीत आहे. पडद्यावर जे अक्षररूपाने असते ते ती मोठ्याने वाचून दाखवते. अमेरिकेतील टेड हेंटर हा मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेणारा माणूस. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली. पुढे तो संगणकाचे शास्त्र शिकला आणि १९८९ साली त्याने 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. तो उत्तम होता, पण महाग. मग २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एन. व्ही. डी. ए.' या स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. डोळसाला पडद्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, मग अंधाने आवाजासाठी का मोजावेत, हा त्यांचा सवाल. म्हणून त्यांनी तो जगाला फुकट दिला. आज तो मराठीही वाचतो. आपल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्येही 'टॉकबॅक' नावाची अशीच सोय असते. आपण ती कधी उघडून पाहिलेली नसते, इतकेच.

त्या मुलाला मी एके दिवशी महाविद्यालयाच्या संगणकशाळेत बोलावले आणि आमचे सारे पान त्याच्याकडून वाचून घेतले. सोबत संगणकाचे शिक्षक होते, ग्रंथपाल होते. त्या दीड तासात आम्ही तिघे जे शिकलो ते कुठल्याही उजळणी वर्गात शिकलो नव्हतो.

प्रथम त्याच्या कानाचा वेग पाहून आम्ही थक्क झालो. तो आवाज इतक्या झपाट्याने बोले की आम्हाला एक अक्षर कळेना. त्याला मात्र सारे समजत होते. आपण जसे वर्तमानपत्र चाळतो तसा तो पान चाळतो. 'एच्' ही कळ दाबली की एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी. पण आमच्या पानावर मथळे नव्हतेच! मथळ्यासारखी दिसणारी ठळक, मोठी अक्षरे होती, पण 'हा मथळा आहे' असे यंत्राला कुणी सांगितलेलेच नव्हते. त्यामुळे बिचाऱ्याला संस्थापकांच्या संदेशापासून सुरुवात करून अख्खे पान ऐकावे लागे.

मग दुवे आले. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." असे अकरा वेळा. कुठे क्लिक केल्यावर काय मिळेल, हे डोळ्यांना शेजारच्या मजकुरावरून कळते. दुव्यांवरून दुव्यांवर जाणाऱ्या कानाला ते कसे कळावे? मग अर्ज. "रकाना. रकाना. रकाना." कुठला नावाचा आणि कुठला जन्मतारखेचा, याचा पत्ता नाही. आणि प्रवेशाची सूचना? ती टंकलिखित करून, सहीशिक्का मारून, तिचा फोटो काढून लावलेली. शेवटची तारीख त्या फोटोच्या पोटात.

माझीच टिपणे

इथवर मी इतरांच्या चुका मोजत होते. पुढे पाळी माझ्यावर आली.

"मॅडम, मराठीच्या नोट्स पण आहेत ना? त्या बघू?" मुलगा म्हणाला.

मी अभिमानाने पान उघडून दिले. पंधरा-सोळा वर्षे मेहनतीने तयार केलेली टिपणे होती ती. संतवाङ्मय, नवकविता, व्याकरण. सगळी टंकलिखित, स्वच्छ. फोटो एकही नाही. स्क्रीन रीडर सुरू झाला आणि त्यातून रोमन अक्षरे, कंस, टक्केचिन्हे आणि उद्गारचिन्हे यांची एक विलक्षण खिचडी बाहेर पडू लागली. मुलगा भला, तो हसला नाही. मीच ओशाळले.

याचे कारण आपल्या मराठीच्या संगणकी इतिहासात आहे. पूर्वी आपण जे देवनागरी टंक वापरत होतो, त्यांपैकी पुष्कळांत आत साठवलेले असे रोमन अक्षर, आणि त्यावर देवनागरी आकृतीचा मुखवटा चढवलेला असे. डोळ्याला मुखवटा दिसतो. यंत्राला आतला चेहरा दिसतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. हा गोंधळ मिटविण्यासाठी आपल्याकडे 'इस्की' नावाचे भारतीय मानक आले आणि १९९१ साली 'युनिकोड'ने जगातल्या लिप्यांना एकाच यादीत जागा दिली. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्यात स्वतःचा क्रमांक मिळाला. 'क' हा जगभर 'क'च राहील, अशी ही सोय. युनिकोडमधला मजकूर वाचता येतो, शोधता येतो, एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवता येतो. तरीही कित्येक कार्यालयांत आणि छापखान्यांत जुने टंक सवयीने चालूच राहिले. मीही त्यातलीच.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने फुकट मिळतात, पण ती मेली ऱ्हस्व इकार आणि रफार हमखास चुकीच्या जागी बसवतात. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझी सारी टिपणे बदलून पुन्हा तपासली. आमच्या व्यवसायात मुद्रितशोधनाला कोणी भीत नाही. पण स्वतःच्याच पंधरा वर्षांचे मुद्रितशोधन करणे ही शिक्षाच होती. ती मला योग्य वाटली.

आणखी एक गंमत. पान कोणत्या भाषेतले आहे, हे यंत्राला पानाच्या माथ्यावर सांगावे लागते. आमच्या पानावर 'इंग्रजी' असे लिहिलेले होते. मग इंग्रजी आवाजापुढे देवनागरी आली की तो कधी अडखळे, कधी गप्प बसे. दोन अक्षरांची ती दुरुस्ती केली, आणि आमचे महाविद्यालय मराठी बोलू लागले.

दया नव्हे, कायदा

हे सारे चांगुलपणाचे काम आहे, अशी माझी समजूत होती. ग्रंथपालांनी ती दुरुस्त केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात एकवीस आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखावयाच्या आहेत. आणि माहिती व संपर्काची साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एका हाताने जागा राखून ठेवायची आणि त्या जागेचा अर्ज दुसऱ्या हाताने फोटोत लपवायचा, असे आमचे चालले होते!

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. बँकेत खाते उघडताना फोनपुढे डोळे मिचकावून 'मी जिवंत आहे' असे सिद्ध करावे लागे. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी काय मिचकावावे? या आणि अशाच एका दृष्टिहीन अर्जदाराच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. हे हजारातले एखादे अपवादाचे माणूस नव्हे.

आणि महाविद्यालयाने हे करावे तरी कसे, याचे उदाहरण शोधावयास परदेशी जावे लागत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी साधनकेंद्र सुरू झाले. त्या केंद्राने आपल्या मुलांची पुस्तके वाचनीय केलीच, शिवाय बोलणारी एटीएम आणि पुस्तकांच्या स्वामित्वहक्काचा कायदा यांसाठीही आवाज उठवला. २०१२ साली तो कायदा बदलला आणि दृष्टिहीनांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये वा ध्वनिरूपात आणण्याची वाट मोकळी झाली. पुढे २०१३ साली याच विषयावर माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता.

निबंध नको

आम्ही कामाला लागलो. खर्च जवळपास काहीच आला नाही. वेळ मात्र लागला. मथळे खरे मथळे झाले. 'येथे क्लिक करा'च्या जागी 'बी. ए. प्रवेश अर्ज' असे सरळ शब्द आले. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला नाव मिळाले. माऊसला हात न लावता नुसत्या कळांनी अर्ज पुरा भरता येतो की नाही, हे आम्ही एकेक करून पाहिले. कारण ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला एकच हात आहे, त्याला माऊसचा बाण नेमक्या जागी धरवत नाही. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरे होती ती काळी केली. जागतिक नियमावलीप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान साडेचारास एक असा फरक हवा. 'लाल रंगातील विषय अनिवार्य आहेत' या वाक्याऐवजी त्या विषयांपुढे 'अनिवार्य' असा शब्दच लिहिला. तांबडा आणि हिरवा ज्याला सारखेच दिसतात त्याने काय करावे? व्याख्यानांच्या चित्रफितींखाली कर्णबधिर मुलांसाठी मजकूर आला.

आणि छायाचित्रांना शब्द देण्याचे काम मराठी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मी खूश झाले. पहिलेच छायाचित्र आमच्या सहलीचे, कोयना धरणापुढचे. मी सह्याद्रीच्या कुशीतला जलाशय, श्रावणातले ढग, फेसाळते पाणी असे सात ओळींचे वर्णन लिहिले आणि मुलाला ऐकवले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, निबंध नको. काय आहे ते सांगा."

मी पुन्हा लिहिले : 'कोयना धरणाच्या सहा दरवाजांतून पाणी सुटले आहे, पुढे द्वितीय वर्षाचे विद्यार्थी उभे आहेत.'

"हां. आता दिसलं," तो म्हणाला.

वीस वर्षे निबंधलेखन शिकवून मला जे साधले नव्हते, ते त्या दिवशी थोडेसे साधले.

सूचनेचे फोटो लावणे बंद करणे हेच सर्वांत कठीण गेले. कार्यालयातील मंडळींना वाटे, शिक्का दिसला नाही तर सूचना खरी कशी? शेवटी तोड निघाली. शिक्क्याची प्रत असू द्या, पण तिच्यावर तोच मजकूर अक्षरांत लिहा. याचा फायदा कुणाला झाला म्हणाल, तर सर्वांना. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात फोनची रेघ जाते-येते. फोटो उघडता उघडत नाही. अक्षरे चटकन उघडतात. पाथरपुंजपासून पाटणपर्यंतच्या डोळस मुलांनीही आम्हाला दुवा दिला.

कोयनेचा धडा

कोयनानगरात राहणाऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला, तोवर दख्खनचे पठार स्थिर आहे अशीच समजूत होती. त्यानंतर इमारतींचे नियम बदलले, आणि उभ्या असलेल्या धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकट करावे लागले. पायातच जे घालता येते ते नंतर बाहेरून चढवावयाचे म्हणजे किती यातायात, हे इथल्या जुन्या माणसांना विचारावे. वेबसाइटचेही तेच. नवी बांधताना हे नियम पाळले तर वेगळा खर्च नाही. आमच्यासारखे नंतर जागे झालात, तर सुट्ट्या जातात.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. बाहेरच्या एका अर्जाच्या पानावर अजून वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावी लागतात आणि तिथे त्या मुलाला शेजाऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. आमचीही एखादी सूचना घाईत फोटोरूपानेच लागते. मग त्याचा फोन येतो, आणि ती बदलली जाते.

होय, तो आता आमचा विद्यार्थी आहे. पुढच्या जूनमध्ये एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. "मॅडम, फॉर्म भरला. कुणाला काही विचारलं नाही." पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने एवढेच सांगितले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी यादीत त्याचे नाव पाहिले तेव्हा माझ्या पहिल्या नेमणुकीच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला झाला.

वर्गात म्हणी शिकवताना 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' या म्हणीपाशी मी अडखळले. तोच मागून म्हणाला, "मॅडम, दळणाऱ्याला एक काठी तरी द्या की!" वर्ग हसला, आणि मीही. पण काठी द्यायची कुणी, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

दिवाळी अंकासाठी मी हा लेख लिहिते आहे असे कळल्यावर त्याने विचारले, "मला वाचता येईल का?" १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला फराळाबरोबर अंक येतो. २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिकही निघू लागले. पण घरातल्या ताटातले जे सर्वांना, ते त्यालाही मिळावे, एवढेच त्याचे मागणे होते. हा लेख मी युनिकोडमध्ये लिहून त्याला आधीच पाठवला आहे. त्याने दोन चुका काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या.

वाचकहो, आपल्या मुलांच्या शाळेचे, आपल्या पतपेढीचे, आपल्या गृहसंस्थेचे पान आज एकदा उघडा. माऊस बाजूला ठेवा, डोळे मिटा, फोनमधला तो आवाज सुरू करा आणि दहा मिनिटे एखादी तारीख शोधून पाहा. सापडली, तर त्या मंडळींना धन्यवादाचे पत्र टाका. न सापडली, तरीही पत्र टाका.